माजिस्टरसाहेबांची मुलगी

सल्लागारीणबाई कॉफीला येणार म्हणून ओटोकार हिर्नशाल यांनी सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं. चांदीचे चमचे त्यांनी स्वतः पुसले, पुसलेले चमचे बायकोकडून पुन्हा पुसून घेतले आणि कोट चढवून आरशासमोर "या, या, सल्लागारीणबाई" असं म्हणून पाहिलं.

ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात माणसाला नावाआधी पदवीने ओळखतात. सल्लागारीणबाई स्वतः शाळेपलीकडे शिकल्या नव्हत्या. पण त्यांचे यजमान सरकारी सल्लागार झाले, त्या दिवशी बाईही घरबसल्या सल्लागारीण झाल्या, आणि यजमान गेल्यावरही तो मान कोणी परत मागितला नाही. ओटोकारना मात्र 'माजिस्टर' ही पदवी रक्त आटवून मिळवावी लागली होती. वडील खाटीक, आजोबा खाटीक. विद्यापीठाची पायरी चढणारे घराण्यातले तेच पहिले. लॅटिन घेऊन ते पदवीधर झाले आणि निवृत्त होईपर्यंत शहराच्या पाणीपुरवठा खात्यात बसले. तिथे लॅटिनमध्ये तक्रार घेऊन कधीच कोणी आलं नाही, पण दारावरच्या पाटीवर नावाआधी 'माजिस्टर' होतं आणि त्यांना तेवढं पुरे होतं.

दुखणं एकच होतं. त्यांची एकुलती एक मुलगी फिलिपा कायद्याचं शिक्षण अर्धवट टाकून धुराडी साफ करायच्या कामाला लागली होती. काळे कपडे, डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यावर ब्रश. ती खूश होती, कमाईही चांगली होती. ओटोकारनी ही गोष्ट शेजारीपाजारी कोणालाच कळू दिली नव्हती. कोणी विचारलंच, तर ते म्हणत, "फिलिपा ना? सध्या फार वरच्या पातळीवर काम करतेय." हे तसं खोटंही नव्हतं. ती बहुतेक वेळ छपरावरच असायची.

आणि मग गेल्या आठवड्यात समोरच्या घरातल्या सल्लागारीणबाईंनी त्यांना बेकरीत गाठलं होतं. आपला पुतण्या लोरेन्झ कायद्यात डॉक्टर झालाय, त्याला घेऊन एकदा यायचंय, फिलिपाच्याच क्षेत्रातल्या एका जागेबद्दल बोलायचंय, तीही घरी असली तर बरं, असं त्या म्हणाल्या. ओटोकारच्या हातातला पाव खाली पडायचाच बाकी राहिला. डॉक्टरसाहेबांच्या कचेरीत जागा! नोकरी हाताशी आली की पोरगी उरलेल्या परीक्षा देईल, हे त्यांनी बेकरीतून घरी येईतो ठरवूनही टाकलं. फिलिपाला त्यांनी एवढंच सांगितलं की पाहुणे येताहेत, निळा झगा घालून ये आणि नखं नीट घासून ये.

ठरल्या वेळी पाहुणे आले. डॉक्टर लोरेन्झ उंच, फिकट आणि अतिशय नम्र होता. शेजाऱ्याच्या झाडाचं फळ आपल्या अंगणात पडलं तर ते कोणाचं, या विषयावर त्याने प्रबंध लिहिला होता. मग कोणाचं, असं ओटोकारनी आदराने विचारलं. "ते परिस्थितीवर अवलंबून असतं," डॉक्टर म्हणाला आणि खिन्नपणे खिडकीबाहेर पाहू लागला. फिलिपा कुठे आहे, याची बाईंनी चौकशी केली. महत्त्वाच्या कामात अडकलीय, येईलच, असं ओटोकार सांगत होते, तेवढ्यात घंटा वाजली.

दारात फिलिपा उभी होती. निळ्या झग्यात नव्हे, तर डोक्यापासून पायापर्यंत काजळीत. तिच्या सहकाऱ्याचा पाय मुरगळला होता, त्याच्या वाट्याच्या इमारती तिच्या गळ्यात पडल्या होत्या आणि शेवटची इमारत नेमकी हीच होती. ती सरळ बैठकीत आली. सल्लागारीणबाईंनी तोंड उघडलं, पण त्यांच्याआधी ओटोकारच बोलले.

"अं, धुराडीवाल्या बाई, शेगडी त्या कोपऱ्यात आहे. जरा लवकर आटपा, पाहुणे आहेत."

फिलिपाने बापाकडे पाहिलं, पाहुण्यांकडे पाहिलं आणि मान लववली. "जशी आज्ञा, माजिस्टरसाहेब."

ती शेगडीपाशी बसून झडप उघडू लागली. बाईंच्या कपाळाला आठी पडली. काजळीचा त्रास होतोय, असं समजून ओटोकारनी घाईघाईने खिडकी उघडली. त्याबरोबर वारा आत घुसला आणि उघड्या झडपेतली राख गालिच्यावरून, जर्दाळूच्या केकवरून फिरत डॉक्टरच्या शर्टावर जाऊन बसली. ओटोकार रुमाल घेऊन शर्ट पुसायला धावले, तर एका ठिपक्याचा चांगला पंज्याएवढा डाग झाला. डॉक्टर मात्र का कोण जाणे, पहिल्यांदाच हसला.

"माजिस्टरसाहेब," बाई सावकाश म्हणाल्या, "तुम्ही या मुलीला ओळखत नाही?"

"छे, छे. आज पहिल्यांदाच पाहतोय."

शेगडीतला ब्रशचा आवाज थांबला. फिलिपा वळली नाही. ओटोकारना तिची पाठ तेवढी दिसत होती. ही मुलगी तापाने फणफणायची, तेव्हा याच पाठीवर त्यांनी रात्ररात्र हात फिरवला होता. शब्द परत घ्यावेत असं त्यांना मनापासून वाटलं, पण ते कसे घ्यायचे हे सुचेना.

तेवढ्यात त्यांची बायको रोझविथा कॉफीचं भांडं घेऊन स्वयंपाकघरातून आली. "फिलिपा, आलीस का? हात धू आणि बस. आणि ओटो, ती खिडकी कोणी उघडली?"

ओटोकारचा चेहरा आधी लाल, मग पांढरा झाला. मग त्यांनी भिंतीजवळची पाहुण्यांसाठीची मऊ, फिक्या रंगाची खुर्ची स्वतः ओढून टेबलाशी आणली.

"ही माझी मुलगी," ते म्हणाले. "बस बेटा. कपडेबिपडे राहू दे, तशीच बस."

"बाबा, खुर्ची खराब होईल."

"होऊ दे."

फिलिपा बसली. रोझविथाने खुर्चीकडे पाहून डोळे मिटले. ओटोकारनी बाईंची माफी मागितली. फिलिपा कायदा शिकत नाही, जागेचं आता विसरून जावं, डॉक्टरसाहेबांचा उगाच वेळ गेला, असं बरंच काही ते बोलले.

"अहो, पण मला कधीपासून माहीत आहे," बाई म्हणाल्या. "माझं धुराडं हीच तर साफ करते. तुम्ही ओळख दाखवेनात, तेव्हा मला वाटलं बापलेकीचं भांडण झालंय. आणि जागा तिच्यासाठी नाही हो. याच्यासाठी."

त्यांनी पुतण्याकडे बोट दाखवलं. डॉक्टर लोरेन्झ लाजून ताठ बसला. गेली दोन वर्षं तो एका तळघरात बसून करारनामे वाचत होता, आणि आता त्याला झोप लागत नव्हती. फिलिपा ज्यांच्याकडे धुराड्यांचं काम करते, त्या उस्तादांना आणखी एक माणूस हवाय, असं बाईंच्या कानावर आलं होतं. तिने शब्द टाकला तर काम होईल. पण असल्या गोष्टी आधी वडिलांच्या कानावर घालाव्यात, अशी त्यांची जुनी रीत होती.

फिलिपाने केकवरची राख फुंकली, एक घास घेतला आणि उमेदवाराला न्याहाळलं. "उंचावर भीती वाटते?"

"अजून कधी चढलो नाही," डॉक्टर म्हणाला.

"पहाटे उठवेल?"

"तसाही जागाच असतो."

"आमच्याकडे छपरावर डॉक्टरबिक्टर चालत नाही. नुसतं लोरेन्झ म्हणेन."

"फार बरं होईल," तो म्हणाला.

पुढच्या आठवड्यात खालच्या मजल्यावरचे इंजिनिअरसाहेब जिन्यात भेटले आणि त्यांनी नेहमीप्रमाणे फिलिपाची चौकशी केली. ओटोकार थांबले. त्यांनी कोट नीट केला.

"धुराडी साफ करते ती," ते मोठ्याने म्हणाले, आणि दोन पायऱ्या उतरून मागे वळले. "हाताखाली डॉक्टर आहे."