आपल्यातलं कोणी पिस्तूल घेतलंय का?

कांगारूंच्या देशातल्या ग्लेन वेव्हर्ली येथील सुनीतीबाईंनी पन्नाशीत पहिलं पिस्तूल घ्यायचं ठरवलं आणि हा प्रस्ताव रीतसर दोन सक्षम प्राधिकरणांपुढे गेला. एक पोलीस खातं, दुसरं त्यांचं मित्रमंडळ.

सुनीतीबाई फिजिओथेरपिस्ट. कामावरच्या सहलीत गंमत म्हणून शूटिंग रेंजवर गेल्या आणि लोकांचे खांदे सरळ करण्यात हयात घालवलेल्या या बाईला शोध लागला, की नेम धरताना आपला हात जराही हलत नाही. परतताना त्या गाडीत एकट्याच मोठ्यानं हसत होत्या.

पोलीस खात्याचं प्रकरण सोपं निघालं. कशासाठी हवंय? खेळासाठी. ठेवणार कुठे? जमिनीला बोल्ट केलेल्या तिजोरीत. किल्ली कोणाकडे? फक्त माझ्याकडे. मग कोर्स, चौकशी, सहा महिने शूटिंग क्लबच्या पिस्तुलावर सराव, आणि लायसन्स आलं.

क्लबचा कोच केव्हिन याचं मार्गदर्शन एका दमात संपलं. "ब्रँड विसर, मेट. हातात नीट बसेल ते घे." क्लबातले एक आजोबा खेळ सोडत होते. त्यांचं पॉइंट टू-टू बोअरचं पिस्तूल सुनीतीबाईंनी हातात घेऊन पाहिलं. मूठ त्यांच्याच मापाची होती. केव्हिन म्हणाला, "शनिवारपर्यंत होल्ड करतो. मागे आणखी एक जण थांबलाय."

शुक्रवारी मिसळीच्या साक्षीनं दुसऱ्या प्राधिकरणाची बैठक भरली. पती यतीन यांनी टीव्हीवर एक्सेल शीट उघडलं. शीट गाडी घेतानाचं होतं. 'मायलेज' आणि 'बूट स्पेस' हे रकाने घाईत तसेच राहिले होते.

"रीसेल काय आहे?" शिरीषने विचारलं. शिरीष बँकेच्या आयटीत आहे आणि सगळ्यातलं त्याला कळतं.

"काळंच का?" त्याची बायको विनीता म्हणाली. "ऑफ-व्हाइटमध्ये नाही येत?"

"आणि हे लहान वाटतंय," शिरीष म्हणाला. "थोडं वाढत्या अंगाचं घे."

"मलाही चालेल असं बघू या," यतीन म्हणाला.

"तुला हात लावता येणार नाही. लायसन्स माझं आहे."

"अगं, पण फॅमिलीतच येतंय ना!"

"डॅड, दॅट्स लिटरली अ क्राइम," मुलगी उर्वी फोनमधून डोकं न काढता म्हणाली.

मग शिरीषने चमचा खाली ठेवला आणि मूलभूत प्रश्न उपस्थित केला. "ते सगळं ठीक आहे. पण आपल्यातलं कोणी घेतलंय का?"

सभागृह गंभीर झालं. या प्रश्नाच्या उत्तराशिवाय तिथल्या एकाही मराठी घरात गाडी, कर्ज किंवा दातांचा डॉक्टर आलेला नाही. एकाच जातीचा सोफा सात घरांत आहे आणि तो एकालाही आवडत नाही. पिस्तूल मात्र कोणाकडेच नव्हतं.

"मग वर्षभर थांब," शिरीषने निकाल दिला. "आधी दुसऱ्या कोणाला तरी घेऊ दे." ठराव एकमताने मंजूर झाला. यतीननेही हात वर केला.

सुनीतीबाईंना रडू यायला लागलं. मग राग आला आणि रागातून सुचलं.

"कालगुर्लीच्या मधूकडे हेच आहे."

"कोण मधू?"

"तिकडे लांब सोन्याच्या खाणीवर इंजिनियर आहे. मूळ कोथरूडचा. नऊ वर्षं वापरतोय, नो कम्प्लेंट्स."

"अगं, मग हे आधी नाही का सांगायचं!" शिरीष म्हणाला. यतीनने लगेच नवा रकाना उघडून त्यात 'मधू' लिहिलं. विनीताने विचारलं, "मधू म्हणजे शोभाचा दीर का गं?" सुनीतीबाई म्हणाल्या, "त्यांच्यातलाच," आणि पाव मागितला.

शनिवारी पिस्तूल ठरलं, यथावकाश त्याच्या खरेदीचा वेगळा परवानाही आला. नवोदितांच्या पहिल्याच मॅचला सुनीतीबाई तिसऱ्या आल्या. केव्हिनने त्यांना मिठी मारली आणि यतीनने लांबून फोटो काढले.

मधूची प्रगती त्याहून वेगाने झाली. आपण त्याच्याकडे पोहे खाल्ल्याचं शिरीषला आठवलं. पोहे बरे होते, मीठ जरा कमी. विनीताने मधूचा अनुभव चांगला आहे म्हणून डिशवॉशर बदलला. तिथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदासाठी त्याचं नाव पुढे आलं आणि तो बिनविरोध निवडून आला. त्याचा नकार अद्याप आलेला नाही. खरी हकीगत सांगून टाकावी असं सुनीतीबाईंना दोनदा वाटलं, पण दोन्ही वेळा शिरीषने त्यांना मधूबद्दल नवीन माहिती दिली.

इथवर आलेल्या सुज्ञ वाचकांच्या मनात आता एकच प्रश्न उरला असेल : शेवटी नेमकं कोणतं मॉडेल घेतलं? आपण जन्मात पिस्तूल धरणार नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि आम्हालाही. तरी खात्री करायचीच असेल तर मधूला फोन करा. माणूस चांगला आहे. आपल्यातलाच आहे.