अडीचशे ग्रॅमचा पहारा

परभणीच्या दुकानदारानं ड्रोनचा डबा हातात देताना बजावलं होतं, "वहिनी, वजन दोनशे एकोणपन्नास ग्रॅम हाय. अडीचशेपर्यंत नॅनो, त्याच्या पुढं मायक्रो. मायक्रोचे कागद वेगळे, कटकटी वेगळ्या, अन् नियम तर सारखे बदलायलेत. ह्याला टिकली बी चिकटवू नका."

"टिकली मी कपाळाला लावते, भाऊ," मंजुषा हसून म्हणाली होती. बी.एस्सी. झालेल्या बाईला कुणी वजनाचं शिकवावं, हे तिला पटलं नव्हतं.

ड्रोन हवा होता तिलाच. केयूरचं जावळ शेतात करायचं ठरलेलं, पोखर्णीच्या रस्त्याला. दोनशे पाहुणे, आणि मांडवापासून हाकेच्या अंतरावर बिनकठड्याची विहीर. दीड वर्षाचा केयूर पायावर उभा राहिल्यापासून जिथं जाऊ नये नेमका तिथंच जायचा. "वरून एक डोळा राहील त्याच्यावर," ती नवऱ्याला म्हणाली. जीवन शाळेत मास्तर. बायकोच्या धास्तीशी वाद घालायचा नसतो, हे तो लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात शिकला होता. आता ड्रोन उडवायलाही शिकला.

जावळाच्या दिवशी केयूर मामाच्या मांडीवर बसून न्हाव्याला दोनदा चावला आणि गोटा करून मोकळा झाला. आता हे पोर सुटणार, म्हणून मंजुषानं जीवनला खूण केली. जीवननं डबा उघडला आणि गारच पडला. ड्रोनला हळद-कुंकवाची बोटं, पंख्यांच्या दांड्यांना लाल धागा आणि पोटाखाली लिंबू, सात मिरच्या नि एक बिब्बा.

"आई, हे काय केलंस?"

"नवं वाहन हाय ना ते?" धुरपताबाई म्हणाल्या. "टॅक्टर आणला तवा बांधलं, तुझी फटफटी आणली तवा बांधलं. हे तर आभाळात जाणार. लांबून लांबून नजर लागंल त्याला."

मंजुषा कपाळाला हात लावते न लावते तोच पोलीस पाटील सूर्यभान हजर झाले. मागं चोरांचे ड्रोन फिरतायत अशी आवई उठली, तेव्हापासून सूर्यभान घारीकडंही संशयानं बघत. त्यात तालुक्याला एक दिवसाचं शिबिर झालं आणि ड्रोनच्या नियमांचा कागद त्यांच्या खिशात आला. त्या कागदाला काही काम मिळालं नव्हतं, ते आज मिळालं.

"मास्तर, नॅनो का मायक्रो?"

"नॅनो, पाटील. दोनशे एकोणपन्नास."

"लिंबासकट?"

जीवननं लिंबू तळहातावर तोलून पाहिलं. बन्सीधर सोनार पंगतीतून हात धुऊन उठलाच होता. कुठल्याही कार्यात कुणी ना कुणी आहेराची चांदी तोलायला लावतंच, म्हणून तो खिशात छोटा काटा घेऊनच जेवायला जायचा. काटा टेबलावर आला, ड्रोन काट्यावर बसला.

"तीनशे सहा," बन्सीधर म्हणाला.

"मायक्रो!" सूर्यभान एवढ्या आनंदानं ओरडले की आचारी झारा घेऊन धावत आला. "असा उडवला तर मला कळवावं लागंल वर."

"बॅटरी काढून तोला ना," जीवन म्हणाला.

"बैल तोलताना पोट काढून ठिवता व्हय?"

"पाटील, लिंबूच सोडते मी," मंजुषा पुढं झाली.

"हात लावून बघ!" धुरपताबाई आडव्या. "बांधलेलं सोडत न्हाईत. काय झालं तर जिम्मेदारी तुझी का पाटलाची?"

पाटलांनी जिम्मेदारी हा शब्द ऐकून कागदात डोकं घातलं. शेवटी तोड निघाली ती अशी: लिंबू सोडायचं, पण धुरपताबाईंनी स्वतः, आणि तेच पाटलांच्या मोटारसायकलला बांधायचं, म्हणजे ते वाया गेलं असं होणार नाही.

लिंबू उतरलं, धागे उतरले. दोनशे एक्कावन्न. कुंकू! जीवननं ओल्या फडक्यानं पुसलं. दोनशे त्रेपन्न.

"वाढायलंय की!"

"पाणी प्यायलं असंल," कुणीतरी मागून म्हणालं.

मग पदरानं पुसणं, फुंकर घालणं. काटा हलतोय म्हणून पाटलांनी मांडवातला पंखा बंद करायला लावला, बोलणाऱ्यांना गप्प केलं. निम्मा मांडव टेबलाभोवती श्वास रोखून उभा. आकडा लुकलुकला आणि थांबला. दोनशे पन्नास.

"पर्यंत म्हणजे धरून का सोडून?" पाटलांनी कागद उलटा-सुलटा केला. "धरून. नॅनो! उडवा."

टाळ्या पडल्या. ड्रोन भुंग्यासारखा वर गेला. मंजुषानं मोबाइलच्या पडद्यात डोकं घातलं. मांडव दिसला, बुंदीच्या परातीवरच्या माश्या दिसल्या, पाटलांचं टक्कल उन्हात चमकताना दिसलं. तासलेला छोटा गोटा मात्र कुठंच दिसेना.

"केयूर कुणाकडंय?"

मामा म्हणाला मावशीकडं, मावशी म्हणाली मामाकडं. पोरावर नजर ठेवायला आणलेल्या यंत्राच्या नादात पोरावर कुणाचीच नजर नव्हती.

"इहिरीकडं घे!" तिच्या तोंडून पहिल्यांदाच सासरची बोली निघाली.

"झाडाआड जाईल तो," जीवन चाचरला. "नजरेपल्याड न्यायचा नियम—"

"नियम गेला चुलीत!" हे दस्तुरखुद्द पाटील ओरडले. "ने, मी बघतो!"

पडद्यावर विहीर आली. काठाला खाट, खाटेवर उघडलेली काळी छत्री. खाली काय, दिसेना. मंजुषा चपला टाकून पळाली. तिच्यामागं जीवन, पाटील, काटा हातात धरून बन्सीधर.

छत्रीखाली तिचे सासरे किशनराव बसले होते. मांडीवर केयूर, तोंड उघडं टाकून गाढ झोपलेला.

"आला होता डुलत डुलत," किशनराव हळूच म्हणाले. "धरला. वरडू नका, उठंल."

"तुम्ही कधीपासून इथं, मामंजी?"

"सकाळी नवापासून. लेकरं इकडंच येणार, हे काय सांगायला लागतंय?" त्यांनी वर घोंघावणाऱ्या ड्रोनकडं पाहिलं. "माझं वजन बासष्ट किलो. मी कशात बसायलोय, ते इचारा पाटलाला."

सूर्यभानांनी सवयीनं कागद काढला. "पंचवीस ते दीडशे किलो... मध्यम."

"मग मध्यमाला कुनी जेवायला वाढतंय का न्हाई?"

दोन पंगती उठल्या होत्या. बुंदी संपली होती. म्हाताऱ्याचं पान वाढायचं दोनशे माणसांतल्या एकालाही सुचलं नव्हतं, वरून डोळा ठेवणाऱ्या सुनेलाही नाही. त्या दिवशी मंजुषानं परातीच्या कडांची बुंदी खरवडून ताट केलं आणि ते संपेपर्यंत विहिरीपाशी स्वतः बसली.

आता कुणाच्याही कार्याला गेली की ती आधी मांडवामागं एक चक्कर मारते. तुम्हालाही तिचं एवढंच सांगणं आहे: हे वाचून झालं की उठा आणि घरातलं जे माणूस न सांगता कुठंतरी राखण करत बसलेलं असेल, त्याला शोधा. जेवलात का, एवढं विचारून या.