मागच्या चाकापाशी ठक

रश्श्याचे दोन्ही गंज, मोठाली पातेलीच ती, पिकअपमध्ये चढले, दोरीने आवळून झाले, झाकणांवर फडकी बांधून झाली, तरी सुशील गाडीभोवती फेऱ्या मारतच होता. वैभवी स्कूटीवरून पुढे निघाली होती. जाता जाता तिने हेल्मेटची काच वर केली.

“आज रस्सा सांडला त उद्यापासून माल धर्मेंद्रच्या टेम्पोत जाईन. सांगून ठेवते. अन् कुर्ता मळवू नका, वाढायले उभं राहा लागते.”

धर्मेंद्र म्हणजे तिचा मावसभाऊ. बायकोच्या केटरिंगचा माल बायकोच्याच भावाच्या टेम्पोत जायचा आणि आपण दारात पिकअप पुसत बसायचं, या विचाराने सुशीलने दोरी पुन्हा एकदा आवळली. मागच्या खेपेला मेडिकल चौकात वळताना गाडी अशी कलंडली होती, की अर्धा गंज सावजी रस्सा रस्त्यानेच पिऊन टाकला आणि पाहुण्यांनी भात लोणच्याशी खाल्ला. तेव्हापासून वैभवीच्या केटरिंगचं नाव सगळ्या नंदनवन वस्तीत झालं खरं, पण ज्या कारणाने व्हावं त्या कारणाने नव्हे.

म्हणूनच काल त्याने विक्की मिस्त्रीकडून गाडीखाली नवं काम करून घेतलं होतं. वळणावर एका अंगाला झुकू नये म्हणून आडवा स्वे बार आणि क्लच सोडताना मागचा एक्सल उसळू नये म्हणून दोन ट्रॅक्शन बार. “आता गाडी डोलतच नाही, भाऊ,” विक्की म्हणाला होता. “फक्त काम नवीन आहे. काही आवाज आला त फोन करजा.” हे शेवटचं वाक्य त्याने सुशीलसारख्या माणसाला सांगायला नको होतं. सुशील घड्याळाच्या टिकटिकीतही बिघाड शोधणारा.

आई, म्हणजे रुखमाबाई, नवं लुगडं नेसून त्याच्या शेजारी बसल्या. मनीषनगरात कुणा रेल्वेतल्या साहेबांच्या सेवानिवृत्तीचं दुपारचं जेवण होतं, आणि सुनेच्या पंगतीवर देखरेख करणं हा त्यांचा हक्क होता.

मेडिकल चौक आला. सुशीलने श्वास रोखून वळण घेतलं. गाडी ताठ. गंज जागच्या जागी. त्याचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच एक लहानसा खड्डा आला, आणि मागच्या चाकापाशी आवाज झाला. ठक.

“ऐकलं का?”

“ऐकलं नं,” रुखमाबाई म्हणाल्या. “ते मी काल...”

“माय, तू बोलू नको. मले ऐकू दे.”

पुढच्या खड्ड्यात पुन्हा ठक. त्याने गाडी कडेला घेतली, पांढरा कुर्ता सावरत वाकून पाहिलं. गाडीखाली अंधाराशिवाय काही दिसेना. विक्कीला फोन लागला.

“बोल्ट ढिला असन, भाऊ. हळू घ्या. बार निसटला त गाडी एकदम बसते.”

बसते हा शब्द सुशीलच्या डोक्यातच बसला. तिथून पुढे पिकअप अशी चालली, की एका सायकलवाल्याने तिला मागे टाकलं आणि वळून दयेने पाहिलं. मागे हॉर्नची रांग लागली. वैभवीचे तीन फोन येऊन गेले.

“अरे, मी काय म्हणते,” रुखमाबाईंनी पुन्हा सुरुवात केली.

“तुले गाडीतलं समजत नाही वं माय. गप बस.”

त्या गप बसल्या. बाईमाणसाचा अपमान झाला, की ती खिडकीबाहेर पाहते. तशा पाहू लागल्या.

मनीषनगरच्या पुलाअलीकडे गतिरोधक होता. पुढची चाकं अलगद गेली. मागची चढली, आणि खालून काहीतरी फाटकन फुटलं. सुशीलने ब्रेक मारला, उतरून पाहिलं. मागच्या चाकाच्या आतून टप टप पाणी गळत होतं. त्याने पुन्हा फोन लावला.

“विक्की, ब्रेकचं ऑइल गेलं.”

“हात लावून पाहा नं, भाऊ. ऑइल चिकट असते.”

सुशीलने बोट ओलं केलं. पातळ होतं. वास येईना. भीतीने माणसाची अक्कल जाते ती अशी: त्याने बोट जिभेला लावलं.

“विक्की, हे गोड लागून राहिलं.”

“गोड त इंजिन थंड ठेवाचं कूलंट असते. गिळलं त नाही नं? जहर असते ते. पण कूलंट मागून काहून गळन?”

सुशीलने पुढचं ऐकलंच नाही. तो रस्त्याकडेला बसून थुंकू लागला. तोंड कडू पडल्यासारखं वाटलं, बोटं गार पडली. रस्सा, धर्मेंद्र, सारं मागे पडलं. “माय,” तो रडकुंडीला येऊन म्हणाला, “मले काही झालं त वैभवीले सांगजो, गाडी डोलली नाही म्हणा.”

रुखमाबाई सावकाश उतरल्या. “बोलू का आता? नारळ फुटला असन.”

“कोणता नारळ?”

“काल नवे दांडे बसवले नं तू? नव्या वस्तूची पूजा नको? लाल फडक्यात बांधून शेजारच्या गोलूच्या हातानं दांड्याले लटकवला. तोच वाजून राहिला होता. मघापासून सांगून राहिली, त तूच गप बस म्हणते.”

कुर्त्याचा विचार न करता सुशील गाडीखाली सरपटला. ट्रॅक्शन बारला लाल गाठोडं लोंबत होतं, आणि आतून अर्धी करवंटी त्याच्याकडे पाहत होती.

पंगत वाट पाहत होती. वैभवीने आधी घड्याळ पाहिलं, मग नवऱ्याचा मळून काळा पडलेला कुर्ता, आणि झाकणं उचलली. रस्सा काठोकाठ, वर तेलाची लाल तर्री जशीच्या तशी. तिने सुशीलकडे पाहिलं, आणि बऱ्याच दिवसांनी हसली.

“आडवा बार लावला नं,” तो छाती काढून म्हणाला.

“दांड्यानं काय होते,” रुखमाबाई म्हणाल्या. “नारळानं सगळं आपल्या अंगावर घेतलं.”

वैभवीने मान डोलावली. सुशीलने वाढायला पळी उचलली.

परतीच्या वाटेवर रिकामे गंज घेऊन पिकअप झपाझप निघाली. खड्डा आला, गेला. आवाज नाही. दुसरा आला. आवाज नाही. सुशील अस्वस्थ झाला. मेडिकल चौकाच्या वळणाआधी त्याने गाडी पूजेच्या दुकानासमोर उभी केली.

“काहून थांबला गा?” रुखमाबाईंनी विचारलं.

“काही नाही.” तो उतरला, आणि दुकानदाराकडे न पाहता म्हणाला, “एक नारळ द्या. अन् लाल फडकं.”