येसूकाकांची बिनवायरी मोहीम

आमच्या नार्व्यात सकाळी पाव विकणारा पोदेर सायकलवरून भोंगा वाजवत आला, की शेजारचे येसूकाका उंडो घेतात आणि त्याच्या देखत फोडून बघतात. "वयर कितें दिसता तें सोड. भितर कितें आसा?" उंड्यात पावाखेरीज काय असणार? पण काकांनी खाणीवरच्या वजनकाट्यावर उभी हयात काढली, मालाखाली माती भरून आणलेले ट्रक पकडले. वरच्या दिसण्यावर त्यांचा काडीचाही विश्वास उरलेला नाही.

कॉम्प्युटरवर त्यांनी लिनक्स घातलं तेही याच कारणाने. "हातूंत भितरलें पळोवंक मेळटा," म्हणाले. मस्कतची नात मोठ्या पडद्यावर दिसावी एवढंच काकींचं मागणं. काकी मध्यंतरी न्हाणीत घसरून पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, वॉकर धरून चालतात. कॉम्प्युटर आतल्या खोलीत आणि राउटर बाहेरच्या. मधली निळी वायर काकांनी काढून खिळ्याला टांगली आणि वायफायचा डोंगलच हवा म्हणून हटून बसले. मी म्हटलं, वायर लावा की. तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पहिला डोंगल त्यांनी देवाला कौल लावून घेतला. पाकळी उजवी पडली. घरी लावला तर ढिम्म. डब्यावर लिनक्सला चालणाऱ्या डोंगलचंच नाव, पण कंपनीने आतली चिप बदललेली, आणि ती लिनक्सला ओळखूच येईना. मी देवाची बाजू घ्यायला गेलो, तर काकाच म्हणाले, "चूक म्हजी. हांवें देवाक डबो दाखयलो. चिप खंय विचारली?"

मग आमची वरात निघाली. सीपीयू टॉवेलात गुंडाळून काका डिचोलीच्या बसमध्ये, कीबोर्ड घेऊन मी मागे. दुकानदाराने कपाळाला हात लावला. काका म्हणाले, "चप्पल पांयांत घालून पळयल्याबगर घेता रे तूं?" आणि त्याचाच मॉनिटर जोडून एकेक डोंगल तपासायला बसले. चार नापास. पाचवा लावला मात्र, काही न करता पडद्यावर आजूबाजूच्या वायफायची यादी उमटली. त्याचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीपासूनच होता. गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी चिपचा नंबर तळहातावर लिहून घेतला आणि चवथीचा गणपती आणावा तसा सीपीयू मांडीवर धरून घरी आणला.

संध्याकाळी नात पडद्यावर आली. मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, वायर घरात असताना एवढा खटाटोप?"

काकांनी खिळ्यावरची वायर काढून कचऱ्यात टाकली. हळूच म्हणाले, "हिकाच पांय अडकून पडली ती. उंबऱ्यावयल्यान हांवेंच घाल्ली. आनी ती लोकांक सांगता, न्हाणयेंत निसरलें म्हण."

मला माझीच लाज वाटली. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून काकी वॉकर धरून निघाल्या. काका लगबगीने गेले आणि त्यांच्याकडे तोंड करून उलट्या पावलांनी पुढे चालू लागले, नजर जमिनीवर. उंबऱ्याशी काकी थांबल्या.

"आतां वायर ना मगे. सकयल कितें पळयतात? म्हजेकडेन पळयात."

काकांनी वर बघितलं. पडद्यावरून नात हाका मारत होती, पण दोघांनाही ऐकू येत नव्हतं.