मिट्झीसाठी स्वस्तातली बंदूक

बंदूक निवडायला अक्कल लागते, असं डेल्मर क्रान्ट्झचं ठाम मत होतं. आणि ती आपल्याकडे भरपूर आहे, हे त्याहून ठाम! "एका सकाळचं काम," दाढी करता करता त्याने आरशाला सांगितलं. "दुकानात जायचं, सगळ्यात स्वस्त असेल ती उचलायची, घरी यायचं. दुपारच्या जेवणाआधी विषय संपला!"

विषय पुढे अकरा दिवस चालला. त्यात पाद्री दोनदा आले, आगीचा बंब एकदा आला, आणि डेल्मरच्या घरातली शिडीसुद्धा गेली.

बंदूक हवी होती मिट्झीसाठी. मिट्झी म्हणजे त्याच्या बायकोची, आर्डिसची कुत्री. पांढरी, केसाळ, वजनाला कोबीच्या गड्ड्याएवढी आणि स्वभावाने जकात नाक्यावरच्या कारकुनासारखी. अकरा वर्षं तिने डेल्मरच्या घोट्याचे नेमाने लचके तोडले होते. धान्याच्या गुदामात सकाळी कॉफीला जमणाऱ्या मंडळींसमोर डेल्मर नेहमी म्हणायचा, "त्या कुत्रीला एक दिवस मी स्वतः माळावरच्या कायोटीला वाढणार आहे. वर मीठ भुरभुरून!"

मग फेब्रुवारीत आर्डिस गेली. जाताना म्हणाली, "मिट्झीकडे बघ." डेल्मर "बरं" म्हणाला. त्रेचाळीस वर्षांत त्याने तिला दिलेले पुष्कळ शब्द मोडले होते, कारण मोडल्यावर ओरडायला ती होती. आता ओरडायला कोणी नव्हतं, त्यामुळे हा एक शब्द पाळणं भागच होतं.

आणि मार्चपासून रोज पहाटे एक कायोटी मागच्या अंगणात, गॅसच्या टाकीपाशी येऊन बसायला लागला. कोल्ह्याहून थोराड, लांडग्याहून काटकुळा, आणि खाणावळीत बिल आधीच भरून बसल्यासारखा निवांत. मिट्झीला नेमकं त्याच वेळी बाहेर जायचं असायचं. साखळी बांधली की ती अडून बसायची. म्हणून डेल्मर रोज पहाटे लांब विजारीत, हातात झाडू घेऊन तिच्या मागे उभा राहायचा. झाडूला कायोटी घाबरत नव्हता. आदल्याच दिवशी तो पाच पावलं पुढे आला होता.

डेल्मरकडे स्वतःची बंदूक नव्हती. नेब्रास्काच्या माळावर हे म्हणजे घरात चमचा नसल्यासारखंच. पण वीस वर्षांपूर्वी त्याने खार म्हणून स्वतःच्याच न्हाणीघराची खिडकी टिपली होती. आर्डिसने त्याच आठवड्यात ती बंदूक चर्चच्या सोडतीत बक्षीस म्हणून देऊन टाकली.

तर डेल्मर लायल ब्रुनरच्या दुकानात गेला. पुढे खिळे, रंग, कुदळी. मागच्या भिंतीवर बंदुका.

"सगळ्यात स्वस्त कुठली ती दाखव," डेल्मर म्हणाला.

लायलचा चेहरा उजळला. बंदुकांबद्दल सल्ला द्यायला तो जेवण सोडून उठायचा. "कशासाठी हवी, ते सांग आधी!"

आता इथे खरं सांगितलं असतं, तर ही गोष्टच झाली नसती. पण मिट्झीच्या जिवासाठी डेल्मर बंदूक घेतोय, हे उद्या कॉफीच्या टेबलावर पोचलं असतं आणि मंडळींनी त्याला मरेपर्यंत सोडलं नसतं.

"घरगुती काम आहे," डेल्मर म्हणाला.

"बरं. लांबून मारायची की जवळून?"

"जवळूनच."

"मग ही बघ. पाच काडतुसं बसतात."

"पाच काय करायचीत? ती कोपऱ्यातली एकनळी दे. तिच्यात एकच बसतं ना?"

"ती जुनी आहे रे. नंतर विकायला काढलीस तर कुत्रं विचारणार नाही."

"नंतरचं मला काय करायचंय?"

लायलचा हात हवेत थांबला. "काडतुसांचा... डबा देऊ?"

"अख्खा डबा? सुटं एक देत नाहीस का?"

"एक?"

"एकदाच करायचं काम आहे, लायल. आर्डिस गेल्यापासून पहाटेची झोप नाही मला. आता एकदाचा सुटतो यातून."

लायलने एकनळी दोन्ही हातांनी छातीशी धरली. "ही विकायची नाही. मोडकी आहे."

"आत्ता तर दाखवत होतास!"

"आत्ताच मोडली! तू कॉफी घे ना, डेल्मर. बस जरा. बस. आपण बोलू."

"बोलायला वेळ कोणाला आहे?" डेल्मर म्हणाला आणि तणतणत निघून गेला.

घर दीड मैलावर. तो पोचेपर्यंत शेजारची डोरीन पायरीवर उभी! हातात काचेचं भांडं, भांड्यात नूडल्स, ट्यूना मासा आणि मशरूमचं सूप, वर चीज घालून भाजलेलं. गावात कोणी मेलं की हेच येतं. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी, पट्टीवर नाव, म्हणजे भांडं धुऊन परत करायचं.

"अगं, आता कोण गेलं?" डेल्मरने विचारलं.

"कोणी नाही! कोणी नाही जायचं!" डोरीन ओरडली, आणि तिचे डोळे भरून आले. "तू खा, डेल्मर. आयुष्य फार सुंदर असतं."

"ट्यूनामुळे?"

डोरीन आत शिरली. डेल्मर हात धुऊन येईपर्यंत स्वयंपाकघरातल्या सगळ्या सुऱ्या तिच्या पिशवीत गेल्या होत्या. "धार लावून आणते," ती म्हणाली.

संध्याकाळी पाद्री आले. त्यांनी तास-दीड तास डेल्मरचा हात धरून ठेवला आणि जाताना गोठ्यातला दोर घेऊन गेले. "चर्चच्या घंटेला हवा होता."

"घंटा विजेवर चालते ना, पास्टर?"

"वीज काय, जाते कधीकधी," पाद्री म्हणाले आणि दोरासकट पळाले.

दुसऱ्या दिवशी उंदराचं औषध गेलं. मग शिडी. मग कोणीतरी डेल्मरचा वस्तराही नेला. दाढी वाढली, गालफडं बसलेली दिसायला लागली. ते बघून गाव आणखी घाबरलं आणि आणखी ट्यूना आला! आठवडाभरात फ्रीजमध्ये एकवीस भांडी. दुधाची बाटली खिडकीत. डेल्मरला वाटलं, गावाला उसनवारीचं वेड लागलंय आणि बदल्यात मासे द्यायची काहीतरी नवी पद्धत निघालीय.

शेवटी त्याने ठरवलं, पसारा आवरायचा. निम्मं खाणं उकिरड्यावर गेलं. भांडी घासली, पुसली, आणि एका सकाळी गाडीत घालून सतरा घरी स्वतः पोचवली. प्रत्येक दारात सभ्यपणे म्हणाला, "तुम्ही खूप केलंत. आता काही पाठवू नका. मला लागणार नाही."

दुपारी चर्चच्या तळघरात तातडीची सभा भरली!

"निरोप घेऊन गेला हो," डोरीन रुमालात म्हणाली. "भांडं इतकं लख्ख होतं! पुरुष माणूस जिवंत असताना असं भांडं घासतो का?"

हा मुद्दा सगळ्यांना पटला. पहारा ठरला. लायल आपली गाडी घेऊन डेल्मरच्या फाटकासमोर येऊन राहिला. डेल्मरने खिडकीतून हात केला, तर लायलने रडवेल्या चेहऱ्याने दोन्ही हात केले.

पण पहारा पुढच्या बाजूला होता. मागच्या कुरणापलीकडे इंगा थोर्सन राहायची. वय एक्याण्णव, कान पूर्ण बंद, फोन ठेवत नसे. गावातली बातमी तिच्यापर्यंत पोचेपर्यंत शिळी होऊन खरी व्हायची. उरलेली चार भरलेली भांडी हातगाडीत घालून डेल्मर तिच्याकडे गेला.

"तुझ्या नवऱ्याची एकनळी आहे का अजून?" त्याने पाटीवर लिहून विचारलं.

"कशाला हवी रे पोरा?" इंगा म्हणाली. डेल्मर सत्तर वर्षांचा होता.

ऐकू येत नाही, म्हणजे खरं सांगायला हरकत नव्हती. आणि खडू मोडला होता. "मिट्झीला कायोटी खाईल म्हणून!" तो असा बोंबलला की कुरणातल्या गाईंनी माना वर केल्या.

इंगाने त्याच्या ओठांकडे बघितलं. "म्हणजे जीव जडलाय तुझा."

"अजिबात नाही!"

"मग लाल का झालास?"

चार भांडी ट्यूनाच्या बदल्यात एकनळी मिळाली. शिवणाच्या डब्यातून, बटणांखालून, इंगाने एक काडतूसही काढून दिलं. इतकी स्वस्त बंदूक अख्ख्या राज्यात कोणी घेतली नसेल! हातगाडीत पोत्याखाली घालून आणताना डेल्मर शीळ घालत होता.

दुसऱ्या दिवशी पहाट फुटली. मिट्झी पायरी उतरली. कायोटी टाकीपाशी बसलाच होता. तो उठला. आज झाडू नाही, हे त्याच्या लक्षात आलं असावं, कारण तो सरळ चालायलाच लागला. मिट्झी त्याच्याकडे पाठ करून, डोळे मिटून आपल्या कामात गर्क. दहा पावलं. सात. "आर्डिस, बघ गं," तो पुटपुटला, डोळे गच्च मिटले आणि चाप ओढला.

धडाम्!

छर्रे गेले ढगात. बंदुकीने मात्र खेचरासारखी लाथ घातली. डेल्मर पायरीवर उताणा! श्वास गेलेला, तोंड उघडं, बंदूक छातीवर आडवी. कायोटी कुंपण ओलांडून गेला. मिट्झी पांढऱ्या रेघेसारखी घरात घुसली.

सगळ्यात आधी लायल पोचला, एका पायात बूट घालून. "एकच आवाज आला! एकच!" तो हंबरडा फोडत होता. मग केसांना रोलर लावलेली डोरीन. मग भोंगा वाजवत आगीचा बंब. आग कुठेच नव्हती, पण अशा वेळी मागे राहायचं कसं? शेवटी पाद्री. त्यांनी टोपी काढली आणि अंत्यप्रार्थना सुरू केली.

"तो फार सालस माणूस होता," पाद्री म्हणाले.

"खोटं कशाला बोलता, पास्टर," डेल्मर खालून पुटपुटला. श्वास नुकताच परत आला होता.

डोरीन किंचाळली. लायलने बंदूक झडप घालून उचलली. "का रे? का? आम्ही नव्हतो का तुला?"

"तुम्ही काय करणार होतात? नेम चुकला माझा. उद्या पुन्हा बसतो."

"उद्या पुन्हा!" डोरीन मटकन खाली बसली. "आर्डिसला काय वाटेल रे!"

"तिनेच सांगितलंय!" डेल्मर उखडला. "कायोटीने तिची कुत्री खाल्ली तर वर गेल्यावर मी तिला काय तोंड दाखवू?"

बंबाचा भोंगा कोणीतरी बंद केला.

"कुत्री?" लायलने विचारलं. "कोणती कुत्री?"

डेल्मरने आभाळाकडे बघितलं. सुटका नव्हती. "मिट्झी," तो अगदी हळू म्हणाला.

"मीठ भुरभुरून वाढणार होतास, ती?"

हसण्याचा असा लोट उठला की पाद्रीही बंबाला धरून उभे राहिले. लायल हसत होता आणि डोळे पुसत होता. मग त्याने हातातली बंदूक निरखली. "ही इंगाची. कितीला दिली म्हातारीने?"

"चार भांडी ट्यूना."

डोरीनचं हसणं तिथेच थांबलं. "कोणाचा ट्यूना?"

त्या दिवसापासून त्याच्या घरी कोणी खायला पाठवलं नाही. सुऱ्या, दोर, शिडी मात्र मुकाट परत आली.

आणि कायोटीचं म्हणाल, तर तो तिसऱ्या दिवसापासून पुन्हा यायला लागला. रोज पहाटे टाकीपाशी बसतो आणि वाट बघतो. पण मिट्झी त्याला दिसत नाही. त्या धडाक्यानंतर ती पलंगाखाली, आर्डिसच्या सपातांवर जाऊन बसली, ती आता फक्त जेवायला आणि डेल्मरला चावायला बाहेर येते. दाराबाहेर पाऊल टाकत नाही. बाकीचं सगळं स्वयंपाकघरात, चुलीसमोर उरकते.

"कशी निघाली मग बंदूक?" परवा लायलने विचारलं.

"एक नंबर!" डेल्मर म्हणाला. "एका गोळीत कुत्री कायमची सुरक्षित." आणि फरशी पुसायचं फडकं घ्यायला तो दुकानाच्या पुढच्या भागाकडे वळला.