कोपराच्या खळग्यातला डाग

त्या सकाळी तैवानच्या ताइनान शहरातल्या देवळामागच्या वडाखाली आठ माणसं होती, म्हणजे कोपरं सोळा. त्यांतल्या चौदा कोपरांच्या आतल्या खळग्यांत जांभळे डाग होते. कोरे राहिलेले दोन्ही खळगे को सरांचे.

हे मंडळ रोज जोडीजोडीने एकमेकांच्या कोपराच्या खळग्यावर चापट्या मारी. अंगातलं विष तिथे वर येतं आणि जांभळं दिसतं, असं सगळ्यांचं ठाम मत. को सर शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्या खळग्यात एक कंडरा, एक धमनी, एक जाड मज्जातंतू आणि कातडीखाली शिरा असतात, विष नसतं, हे त्यांना पाठ होतं. पण बायको गेल्यापासून त्यांच्या अंगाला दुसऱ्या माणसाचा हात लागे तो इथेच. म्हणून ते गप्प बसत.

"सर, तुमच्यात विष उरलंच नाही," त्यांच्या जोडीदार ज्वांगताई म्हणाल्या. "मारून मारून माझा हात भरून आला."

"आहे हो, खोल असेल!"

"परवापर्यंत बघू. रंग नाही आला तर तुम्ही बरे झालात. मग तुमची जागा लिनबाईंना. ताटकळल्यात बिचाऱ्या."

सरांनी घरी जाऊन विचार केला. अ‍ॅस्पिरिन घेतलं की रक्त लवकर गोठत नाही, आणि डाग चांगला पडतो. गोळ्या कपाटात होत्याच.

तिसऱ्या सकाळी चार चापट्यांतच डावा खळगा वांग्यासारखा झाला.

"अगंबाई, केवढं हे विष!" मंडळाने टाळ्या वाजवल्या. सर लाजले.

पण त्याच दिवशी त्यांची वार्षिक तपासणी होती. नर्सने बाही वर केली आणि सुई खाली ठेवली.

"आजोबा, यात शीर शोधू कुठे? कोण मारतं तुम्हाला?"

"एक बाई."

"घरातली?"

"घरात कोणी नाही. देवळामागे मारते. मीच म्हणतो, अजून मारा."

"पैसे उकळते का?"

"छे! उलट सोया दूध पाजते."

नर्सने दार लोटलं आणि सरांकडून नंबर घेऊन त्या बाईला फोन लावला. ज्वांगताई धापा टाकत आल्या. मग गोळ्यांचंही बाहेर आलं.

"चापट्या बंद, गोळ्या बंद!" नर्स दोघांवरही ओरडली. "डाग सात सेंटिमीटर आहे. रोज मोजायचा. वाढला तर इकडे यायचं. गेला की मोजणं थांबवा आणि आपापल्या घरी बसा."

"एका हाताने कसं मोजतील ते?" ज्वांगताईंनी पिशवीतून शिवणकामाची टेप काढली.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "गोळ्या कशाला खाल्ल्या हो?"

"तुम्ही येऊ नका म्हणालात."

ज्वांगताईंनी टेप गुंडाळून पिशवीत ठेवली. मग म्हणाल्या, "लिनबाईंना काय, कोणीही मारेल."

वडाखाली रोज मोजणी सुरू झाली. डाग हिरवट झाला, पिवळा झाला, दीड सेंटिमीटरवर आला. सर गोळ्यांना पुन्हा शिवले नाहीत. मग एका सकाळी त्यांनी बाही वर केली, तर दोन्ही हात एकसारखे.

"गेला वाटतं," सर हळूच म्हणाले आणि बाही खाली करू लागले.

"हलू नका."

ज्वांगताईंनी चष्मा लावला. टेप खळग्यावर ठेवली, अंगठ्याने दाबली आणि वाकून नीट वाचली.

"साडेसात सेंटिमीटर."