बाकीचं कुठंय?

गांगुर्डे अण्णांना कुठल्याही दुकानात बुद्धाचं नुसतं डोकं विकायला ठेवलेलं दिसलं, की ते काउंटरशी जातात आणि विचारतात, "ताई, भगवंतांचं बाकीचं कुठंय?"

आवाज चढलेला नसतो. एसटीत छत्री विसरलेला माणूस डेपोत चौकशी करतो, तितपतच. दुकानातली मुलगी आधी हसते, मग आत जाऊन बघून येते, शेवटी मॅनेजरला बोलावते. मॅनेजर सांगतो, "काका, हा पीस असाच येतो." अण्णा म्हणतात, "असाच कोणी येत नसतो," आणि बाहेर बाकावर जाऊन बसतात. मी आणि नीता, म्हणजे माझी बायको, ट्रॉली धरून तिथंच उभे राहतो, कारण अण्णांना मॉलमध्ये हौसेने आम्हीच नेलेलं असतं.

अण्णा आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहतात. मूळचे सायखेड्याचे, पण सगळी नोकरी सातपूरच्या एका फाउंड्रीत गेली. तिथे ते मोल्डर होते, म्हणजे ओतकामासाठी वाळूचे साचे भरायचे. पत्नी वारल्या. एकुलता एक मुलगा सुमेध टोरंटोला असतो. अण्णा रोज सकाळी पंचशील म्हणतात, रविवारी विहारात जातात, पौर्णिमेला पांढरेशुभ्र कपडे घालतात. इथपर्यंत कोणाचीच तक्रार नाही. पण ते शील बाजारातही पाळतात, आणि तिथे आमची पंचाईत होते. एकावर एक फुकट मिळालेला साबण ते कॅशियरला परत करतात. "मला अंग एकच हाय," म्हणतात. कॅशियर सांगतो की बिलात दोन आलेत, ते काढता येत नाहीत. मग चर्चा होते. मागे रांग खोळंबते आणि त्या रांगेत नेमका मी असतो.

सुमेधने तिकडून त्यांच्या फोनवर ध्यानाचं ॲप टाकून दिलं. त्यात एक बाई हळू आवाजात इंग्रजीतून श्वास घ्या, सोडा असं सांगते. एवढं इंग्रजी अण्णांना समजतं. ते श्वास घेतात आणि "घेतला, ताई" असं तिला कळवतात. भिंतीपलीकडून मला रोज ऐकू येतं. एक दिवस बाई बोलायची बंद झाली, तसे अण्णा फोन घेऊन माझ्याकडे आले. मी म्हटलं, "वर्गणी संपलीय. भरली की बोलेल."

"शांतीला बी रिचार्ज लागतंय?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "भरा मग. पोरानं लावून दिलंय."

मागे माझ्या मेहुण्याने आम्हा सगळ्यांना दिंडोरीकडच्या एका वायनरीत जेवायला नेलं. अण्णा द्राक्षबाग बघायला म्हणून आले आणि सोडा पीत बसले. तिथे टॉयलेटच्या दाराशी बुद्धाचं कमरेएवढं डोकं होतं आणि त्याच्या डाव्या-उजव्या हाताला, हात असते तर, रिकाम्या बाटल्या मांडलेल्या होत्या. अण्णांनी नेहमीचा प्रश्न विचारला. वेटर म्हणाला, डेकोरेशन आहे. मग अण्णांनी त्याच वेटरला हाताशी धरून ते डोकं फिरवलं आणि तोंड बागेकडे केलं. "निदान हिरवं तरी दिसू द्या त्यांना," म्हणाले. मेहुण्याने नंतर मला बाजूला घेऊन विचारलं, "हे तुमचे कोण?" मी म्हटलं, शेजारी. मेहुणा पुढच्या वेळी आम्हालाही घेऊन गेला नाही.

आमच्याही घरी एक डोकं होतं. नीताने ते नव्या फ्लॅटसाठी आणलं होतं आणि चपलांच्या कपाटावर ठेवलं होतं, कारण तिथे लाइट छान पडतो. अण्णा पहिल्यांदा घरी आले, चहा प्यायले, डोक्याकडे बघितलं, चपलांकडे बघितलं. म्हणाले, "ताई, आठ दिवस देता का? बाकीचं करून आणतो." नीताला वाटलं, पॉलिश वगैरे करणार असतील.

महिन्याने अण्णा आणि वॉचमन मिळून जे घेऊन आले, त्याला लिफ्टमध्ये स्वतंत्र खेप लागली. आत सळई, वर जाळी, त्यावर सिमेंट. पद्मासन अगदी बरोबर होतं. पण अण्णांनी आयुष्यभर बघितली होती ती फाउंड्रीतली माणसं, त्यामुळे खांदे तसे, दंड तसे, मनगटं तशी. वर नाजूक सोनेरी चेहरा आणि खाली तिसऱ्या पाळीचा कामगार. चपलांच्या कपाटाने हे वजन एक संध्याकाळ सोसलं आणि मग मान टाकली. आता भगवान आमच्या हॉलच्या मधोमध जमिनीवर बसलेत आणि सोफा बाल्कनीत गेलाय. नीता आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. खरं तर अबोला अण्णांशी धरायचा होता, पण त्यांच्यावर कोणाला रागावता येत नाही.

ही बातमी पसरली आणि लोक आपापली डोकी घेऊन यायला लागले. अण्णा कोणाकडून काही घेत नाहीत. अट एकच, चपलांजवळ ठेवायचं नाही.

मग फेब्रुवारीत टोरंटोहून खोकं आलं. सुमेधने पाठवलेलं. आतून काय निघालं असेल ते सांगायला नको. पांढरं, गुळगुळीत, मागे दिवा आणि आत गाण्यांचा स्पीकर. मी आणि नीता श्वास रोखून उभे होतो. अण्णांनी प्रश्न विचारलाच नाही. हाताने गालावरचं भुसकट पुसलं आणि म्हणाले, "सुमेध वैशाखी पौर्णिमेला येतोय. तवर धड करून ठेवतो. डोकं त्यानं बसवायचं."

सुमेध चार वर्षांत आलेला नव्हता. दर वर्षी येणार असायचा.

हे धड अण्णांनी सावकाश केलं. खांदे दोनदा मोडून पुन्हा केले, थोडे उतरते. हाताची बोटं लांब केली. मला ती बोटं कुठेतरी बघितल्यासारखी वाटत होती. एप्रिलमध्ये काम संपलं, तरी अण्णा ओलं गोणपाट घालून सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी मारत होते. मी म्हटलं, "अण्णा, सिमेंट केव्हाच पक्कं झालं."

"असू द्या. ऊन लय हाय."

पौर्णिमेच्या आधी आठवड्याने सुमेधचा मेसेज आला. रजा नामंजूर. अण्णांनी तो मला वाचून दाखवला, फोन खिशात ठेवला आणि पाण्याची बादली भरायला गेले. बादली भरून वाहायला लागली, तसा मी नळ बंद केला.

पौर्णिमेला विहारातून आल्यावर त्यांनी खीर केली आणि संध्याकाळी मला व्हिडिओ कॉल लावून द्यायला बोलावलं. तिकडे सकाळ होती. स्क्रीनभर सुमेधचा चेहरा आला. भलता गोड पोरगा. घाईघाईत बोलत होता, थोड्या वेळात त्याची घरूनच मीटिंग होती. "पप्पा, सॉरी हां, प्रोजेक्ट अडकलाय... दिवाळीला नक्की... मूर्ती लावली का? ब्लूटूथ चालतंय ना?"

अण्णा पांढऱ्या कपड्यांत, मांडीवर खिरीची वाटी घेऊन ऐकत होते. त्याचं सगळं बोलून झाल्यावर म्हणाले, "सुमेध, जरा मागं सरक."

"का? दिसत नाहीये का?"

"सरक तर. अजून. फोन कशाला तरी टेकव आन् उभा ऱ्हा."

"पप्पा, झालंय काय?"

"काय नाय रे. चार वर्सं झाली, नुसतं डोकं बघतोय तुझं. बाकीचं कुठंय?"

मग फोन हलला, छत दिसलं, खिडकी दिसली, आणि सुमेध मागे मागे जात भिंतीला टेकून उभा राहिला. वर इस्त्रीचा शर्ट, खाली चुरगळलेली हाफ पँट, अनवाणी पाय. खांदे उतरते. लांब बोटांचे हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. एरवी मी हसलो असतो. आज खिडकीबाहेर बघायला लागलो.

अण्णांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हाय. सगळा हाय."

आणि पुन्हा फोनकडे बघून म्हणाले, "पायात काय तरी घाल, बाळा. फरशी गार आसल."